पाठीवरचा पांढरा ठिपका

मन्सूरमियांनी कसब्यातलं घड्याळदुरुस्तीचं दुकान बंद केलं, आणि घरात एकच वस्तू वेळेवर चालेनाशी झाली: खुद्द मन्सूरमियां. दुपारी चारला विचारायचे, "माझा नाश्ता झाला का गं?" त्यांच्या बायकोला, हुस्नबानूंना वाटे, माणूस दुकानातच राहिला, घरी नुसता सदरा आलाय.

त्या शनिवारी लेक आयेशा कृषी महाविद्यालयातून जाळीचा पिंजरा घेऊन आली. आत गुलाबाची कुंडी आणि पानं कुरतडणारे बारा भुंगेरे.

"अम्मी, प्रत्येकाच्या पाठीवर माशीनं अंडं चिकटवलंय. अळी भुंगेऱ्याच्या आत शिरेल, त्याला खाईल आणि माशी होऊन बाहेर येईल. मग फवारणी नको. ती या भुंगेऱ्यात वाढते का, एवढंच बघायचंय. दोन वर्षं घातलीत मी यात."

अब्बा तेव्हा झोपले होते.

रविवारी आयेशा बाहेर गेली. हुस्नबानू गॅलरीत आल्या, तर मन्सूरमियां डोळ्याला भिंग लावून, चिमट्यात भुंगेरा धरून ब्रशनं त्याची पाठ साफ करत होते.

"काय चकाकी आहे बघ! आणि वर हा खडूचा ठिपका. अकरा झाले."

हुस्नबानू त्यांना थांबवायला पुढे झाल्या. पण सहा महिने थरथरणारा तो हात आज स्थिर होता; तो बघत त्या तिथेच थबकल्या. तेवढ्यात उतरत्या दुपारची, असरची अजान झाली. "शेवटचा नमाजानंतर," म्हणत ते उठले. हुस्नबानूंनी ब्रश उचलला आणि तांदळाच्या डब्यात खुपसला.

संध्याकाळी आयेशानं पिंजऱ्यातल्या चकचकीत, कोऱ्या पाठी पाहिल्या. "अब्बा, ती अंडी होती."

"कचरा वाटला गं. चाळीस वर्षांत कचरा ठेवून घड्याळ परत दिलं नाही मी." त्यांनी भिंग डबीत ठेवलं. झाकण टक्कन लागलं.

तो आवाज हुस्नबानूंना सोसला नाही. "बारावा शिल्लक आहे," त्या घाईनं म्हणाल्या.

आयेशानं पिंजऱ्यात पाहिलं, मग अब्बांकडे. "भिंग काढा परत. हा तुमच्या ताब्यात. पुसायचा मात्र नाही."

"हातही लावायचा नाही?"

"श्वाससुद्धा जपून!"

सहाव्या दिवशी भुंगेरा मेला. "हेच हवं होतं," असं आयेशानं दहादा सांगितलं, तरी अब्बा जेवले नाहीत. तिसऱ्या आठवड्यात सकाळी चहा उकळत असताना गॅलरीतून जुना, दुकानातला आवाज आला.

"अगं, चालू झालं!"

जाळीला एक करडी माशी पंख वाळवत बसली होती. आयेशा ओल्या केसांनिशी धावली. हुस्नबानूंनी आधी गॅस बंद केला. मग डब्यातून ब्रश काढला, ओढणीनं पुसला आणि मन्सूरमियांच्या पुढ्यात ठेवला.