काडतुसं बदलून पाहा

गिऱ्हाइकाने परत पाठवलेल्या पिस्तुलातली, प्लास्टिकच्या पुडीतली ती स्प्रिंग मक्याच्या दाण्याएवढी, मधोमध तुटलेली. लोर्ना ती बोटाने दाबत होती आणि कानातल्या हेडफोनमध्ये टेक्सासचा कुणीतरी तावातावाने सांगत होता, की नवं पिस्तूल दर दोन-चार गोळ्यांनंतर अडकतं. "काडतुसं बदलून पाहा, सर," ती म्हणाली. पिस्तुलं बनवणाऱ्या तिच्या कंपनीने तक्रारींच्या फोनसाठी शिकवलेलं वाक्य. काल नवरा टोस्टर बिघडला म्हणाला तेव्हाही तेच ओठांवर आलं होतं... दोघं हसली होती.

पुढचा फोन आर्कान्सामधल्या व्हर्ना टटल नावाच्या म्हाताऱ्या बाईंचा.

"पोरी, पिस्तूल ओट्यावरून पडलं आणि आपोआप उडालं बघ! गोळी फ्रिजच्या आरपार. दूध काढून मी नुकतीच बाजूला झाले होते गं."

"चापाला हात लागला असेल का, मॅडम?"

"कुठला हात? दोन्ही हातांत दुधाचा कॅन होता!"

लोर्नाने मागे पाहिलं. तिचा साहेब ग्रेडी दाराशी कॉफी ढवळत उभा होता. सकाळीच त्याने बजावलं होतं, "पडलं-बिडलं म्हणाले तर पिस्तूल आमच्याकडे पाठवून द्या म्हणायचं. आणि असं आणखी कुणाचं झालंय, हे चुकूनही बोलायचं नाही." झालं तर होतं — आधी फोन आलेला ओहायोचा एक माणूस, मग एक नर्स... आणि जोलीन? धाकट्या बहिणीच्या पर्समध्ये त्याच मॉडेलचं पिस्तूल, लोर्नानेच वाढदिवसाला दिलेलं; एकटी राहतेस, जवळ असू दे... ती पर्स कुठेही आपटते, लहानपणी दप्तर आपटायची तशी — आणि आपण तिला काहीच बोललो नाही, कारण पहिला फोन म्हणजे कुणाचा तरी हलगर्जीपणा, दुसरा म्हणजे योगायोग...

"आहेस ना गं?"

"मॅडम, गोळ्या काढून ठेवा. आत्ताच. तुमचं काही चुकलेलं नाही. असं आणखी काही जणांचं झालंय."

ग्रेडीचा चमचा थांबला. "लोर्ना, फोन रेकॉर्ड होतो."

"माहितेय."

तो आपल्या खोलीत गेला. व्हर्नाबाईंचा फोन संपवून लोर्नाने मोबाईल काढला आणि जोलीनला फोन लावला.

"अगं, ते पिस्तूल..."

"झकास आहे! कालच मैत्रिणीलाही तेच घ्यायला लावलं. म्हटलं, माझी ताईच आहे ना त्या कंपनीत."

लोर्नाला वाटलं होतं, आता नोकरीची भीती वाटेल. ती भीती कुठेच नव्हती. तिच्या जागी लाज होती, साधी, ओळखीची, गेले कित्येक दिवस आपल्याच खुर्चीत बसलेली — आणि पलीकडे जोलीन विचारत होती, "बोल ना, काय झालं?"