दारातलं कारण

"आय अ‍ॅम टायर्ड," असं म्हणून अ‍ॅम्ब्युलन्सच्या ड्रायव्हरने एक पाय उंबऱ्याच्या आत टाकला.

"थांबा, थांबा!" मास्तरांनी खडू उगारला. "टायर्ड कशामुळे? विशेषणाला असं एकटंदुकटं आत घ्यायचं नाही, किती वेळा सांगितलंय?"

"सर, पाय दुखतायत हो."

"मग कारण तर तयारच आहे. तेच इंग्रजीत म्हणा."

ड्रायव्हरने छताकडे पाहिलं, बुटांकडे पाहिलं, ओठ हलवून काहीतरी जुळवून बघितलं आणि शेवटी एका दमात सांगून टाकलं, "आय अ‍ॅम टायर्ड बिकॉज देअर वॉज ट्रॅफिक."

"पायात ट्रॅफिक?" पहिल्या बाकावरून पडदे शिवणारी बाई म्हणाली आणि वर्ग फिसकन हसला. पण वाक्य बिनचूक होतं, त्यामुळे मास्तरांनी हात आत दाखवला. त्याच्यामागून बेकरीवाला आला. अंगावरचं पीठ झटकत, छाती काढून म्हणाला, "आय अ‍ॅम हॅपी बिकॉज माय मदर-इन-लॉ इज गॉन."

"अरे अरे! कधी?"

"काल संध्याकाळी. मेव्हण्याकडे. महिनाभर तरी येत नाही बघा!"

मास्तरांनी कपाळाला हात लावला आणि गेलेल्या सासूला फळ्यावर रीतसर मेव्हण्याच्या घरी पोचवलं.

लाँड्रीच्या वरच्या मजल्यावरच्या त्या खोलीत हा प्रकार रोज संध्याकाळी चाले. खालच्या इस्त्र्यांच्या वाफेने फरशी कोमट राही, त्यामुळे दिवसभर उभ्याने काम करणारी माणसं आल्या आल्या चपला काढून तळवे शेकत बसत. काही जण इंग्रजीसाठी येत की फरशीसाठी, याची खुद्द मास्तरांनाही खात्री नव्हती. पण नियम सगळ्यांना एकच होता. दारात उभं राहायचं, आज मी कसा आहे ते सांगायचं, का ते सांगायचं, मगच बसायचं. कारण नाही तर बाक नाही. लोक त्यांना मागे बिकॉजमास्तर म्हणत. मास्तरांना ते ठाऊक होतं आणि मनातून आवडतही होतं.

ही खोड त्यांना नोकरीत लागली होती. सगळी हयात त्यांनी एका विमा कंपनीत इंग्रजी पत्रं लिहिण्यात घालवली. पत्रांचा मजकूर बहुतेक वेळा एकच, तुमचा दावा मंजूर होत नाही, आम्ही दिलगीर आहोत. तरुणपणी एकदा त्यांनी नुसतंच 'दिलगीर आहोत' लिहिलं, तेव्हा साहेबाने कागद परत फेकला होता. कशामुळे दिलगीर ते लिही, म्हणाला, नाहीतर ती दिलगिरी नाही, ती टाळाटाळ. ते वाक्य मास्तरांच्या डोक्यात जे बसलं ते कायमचं. विशेषण म्हणजे लहान मूल, ते वर्गात सांगत, त्याला रस्त्यात एकटं सोडू नका, कारणाच्या हाती द्या. कोणत्या विशेषणाला कोणता शब्द हात देतो हे ते इतकं रंगून शिकवत की बेकरीवालासुद्धा जांभई द्यायचं विसरे. टायर्ड फ्रॉम म्हटलं की कामाने दमलो. टायर्ड ऑफ म्हटलं की कामाला विटलो. पहिल्याला झोप पुरते, दुसऱ्याला पुरत नाही.

आणि आठवड्यापूर्वी त्यांची एकुलती मुलगी, पस्तिशीला आली तरी घरात छोटीच म्हटली जाणारी, न कळवता एक बॅग घेऊन दारात उभी राहिली आणि म्हणाली, "बाबा, मी दमलेय."

"कशाने गं?" मास्तरांच्या तोंडून सवयीने निघून गेलं.

छोटीने चपला काढल्या. मग "प्रवासाने" म्हणाली आणि आत गेली.

प्रवास होता जेमतेम अर्ध्या दिवसाचा. ती मात्र सगळा आठवडा खिडकीपाशी बसून होती. जावयाचा फोन आला की आई घ्यायची आणि ती झोपली आहे म्हणून सांगायची. छोटी शेजारी टक्क जागी. फ्रॉम की ऑफ, एवढं जरी कळलं असतं तरी त्यांना काही सुचलं असतं. जावयाशी बोलले असते, वकील गाठला असता, नाहीतर तिच्या साहेबाला चार ओळी खरमरीत लिहिल्या असत्या. रोगच कळला नाही तर औषध कशावर द्यायचं? त्यांनी चहा देताना विचारलं, पेपर वाचता वाचता विचारलं. दर वेळी तिने एक नवं, नीटनेटकं कारण दिलं. हवा बदलली म्हणून. डोकं दुखतंय म्हणून. कामाचा व्याप म्हणून. प्रत्येक कारणानंतर ती थोडी आणखी गप्प झाली.

"अहो, चपलांबरोबर ते तुमचं व्याकरणही बाहेर काढून ठेवत जा," बायको स्वयंपाकघरात त्यांच्यावर डाफरली. "पोरीला जरा श्वास घेऊ द्या."

"पण का ते तर कळायला हवं ना?"

"कशाला? कळलं नाही तर जेवायला वाढायचं नाही का तिला?"

आज सकाळी छोटीने बॅग भरायला घेतली होती. उद्या पहाटेच्या गाडीने जाते म्हणाली. रजा संपली म्हणून. रजा संपली नव्हती, हे तिच्या चेहऱ्यावर मास्तरांनाही वाचता आलं. ती जशी आली तशीच चालली होती, आणि या खेपेला गेली की पुन्हा दमून या दारात येणार नाही, दुसरीकडे कुठेतरी एकटी दमेल, अशी धास्ती त्यांच्या मनात घर करून बसली होती. त्या नादात वर्गाला येताना चष्मा घरीच राहिला.

चष्मा द्यायला छोटीच आली. वर्ग निम्मा झाला होता. ती दारात दिसताच बेकरीवाल्याला चेव आला.

"मॅडम, असं नाही! नियम म्हणजे नियम. आधी कसं आहे ते, मग कारण!"

"अहो, ती चष्मा द्यायला..." मास्तर म्हणेपर्यंत तिने हसून दोन्ही पाय जुळवले होते, शाळेत उभी राहायची तशी.

"आय अ‍ॅम हॅपी बिकॉज आय अ‍ॅम होम विथ माय पेरेंट्स."

टाळ्या पडल्या. इतकं सफाईदार वाक्य त्या दारात कुणी बोललं नव्हतं. मास्तरांनी मात्र टाळी वाजवली नाही. हा सूर त्यांच्या ओळखीचा होता. आठवड्याभराची सगळी कारणं याच सुरात आली होती, एकातही कुठे अडखळणं नाही.

"शिका जरा," शिवणवाली ड्रायव्हरला म्हणाली. "नाहीतर तुमचं. रोज आपलं ट्रॅफिक."

"रोज?" मास्तरांनी वळून विचारलं. "रोज तेच असतं?"

ड्रायव्हर ओशाळला. "सर, तेवढं एकच कारण मला इंग्रजीत येतं. ते म्हटलं की तुम्ही बसू देता."

"मग खरं कारण आपल्या भाषेत सांगा. मी इंग्रजी करून देतो."

ड्रायव्हरने कोमट फरशीवर तळवे घासले. "आपल्या भाषेत तर अजिबात येत नाही, सर. गाडीत मागे कोण कोण असतं. घरी जाऊन काय सांगणार?"

शिवणवालीने हात लांब करून त्याच्या दंडावर हलकेच थोपटलं. मास्तरांनी फळ्यावर काहीतरी लिहायला घेतलं, खडू मोडला, आणि त्या दिवशी वर्ग लवकर सुटला.

सगळे जिना उतरून गेल्यावर छोटी पहिल्या बाकावर बसून राहिली. तिनेही चपला काढल्या होत्या. मास्तर फळा पुसत होते. पाठमोरेच होते, म्हणून असेल, ती बोलली.

"बाबा, ते पेन मोडलं नव्हतं."

"कुठलं पेन?"

"लहानपणी मी शाळेतून रडत आले होते बघा. तुम्ही दारातच विचारलंत का म्हणून. मी म्हटलं, आय अ‍ॅम सॅड बिकॉज माय पेन इज ब्रोकन. तुम्ही इतके खूश झालात! वाक्य बरोबर आलं म्हणून आईला हाक मारलीत. संध्याकाळी नवं पेन आणलंत, निळं."

मास्तरांना ते पेन लख्ख आठवलं. दुकानदाराकडून चार पेनं काढून घेऊन त्यांनी ते निवडलं होतं. पोरीचं दुःख ओळखलं आणि मिटवलं, या आनंदात ते शीळ घालत घरी आले होते.

"मग का गं रड..." त्यांनी वाक्य अर्ध्यावर गिळलं. फडकं टेबलावर ठेवून ते चालत खोलीबाहेर गेले, वळले आणि उंबऱ्यापाशी उभे राहिले. इतकी वर्षं वर्ग चालवला, पण या बाजूने ते दारात कधी उभे राहिले नव्हते. इथून खोली मोठी दिसत होती आणि बाकावर बसलेली छोटी लांब.

"आय अ‍ॅम..." ते म्हणाले. खाकरून त्यांनी पुन्हा सुरुवात केली. "आय अ‍ॅम अफ्रेड."

छोटीने मान वर केली. मग जुन्या सवयीने, अगदी त्यांच्याच आवाजात म्हणाली, "बिकॉज?"

मास्तरांनी तोंड उघडलं. कारणं दाटीवाटीने उभी होती. तू उद्या जाणार म्हणून. तुला काय होतंय ते कळत नाही म्हणून. मी म्हातारा झालो म्हणून. सगळी खरी होती, आणि त्यातलं एकही त्यांना पुरं वाटेना. त्यांनी मान हलवली.

"नाही येत," ते म्हणाले.

खालच्या इस्त्रीची वाफ फस्सकन सुटली. छोटीचे डोळे भरून आले होते. ती बाकावर जरा सरकली आणि शेजारची जागा तिने तळहाताने पुसली.

"बसा, बाबा."

ते आले, चपला काढल्या आणि तिच्या शेजारी बसले. छोटीने त्यांच्या खांद्याला डोकं टेकलं आणि रडली. चांगली हुंदके देऊन रडली. मास्तर तिच्या केसांवरून हात फिरवत राहिले आणि 'का' म्हणून विचारलं नाही. त्यांना फार जड गेलं ते.

घरी पोचले तेव्हा बायकोने ताटं मांडून ठेवली होती.

"चष्मा द्यायला गेली की चष्मा करायला गेली? एवढा उशीर?"

छोटी हात धुऊन आली, दारात भरून ठेवलेली बॅग तिने उचलली आणि आतल्या खोलीत नेऊन ठेवली. परत येऊन ताटावर बसली. "आई, मी उद्या नाही जात. राहते थोडे दिवस."

"अगं बाई! राहा की. पण एकदम का गं..."

"असंच," मास्तर घाईघाईने म्हणाले.

बायकोचा हात वाढता वाढता थांबला. तिने नवऱ्याकडे नीट निरखून पाहिलं. मग वाटी खाली ठेवली, हात पदराला पुसला आणि त्यांच्या कपाळाला लावून पाहिला.