दोन नंबरचा काटा

गुरुवारी दुपारी पल्लवी सोमकुवर पांढुर्ण्याहून सौंसरच्या घरी आली, तेव्हा तिच्या हातात एक खोका होता. खोक्यात तीन तयार काटे होते. गाडीला एका रुळावरून दुसऱ्या रुळावर वळवणाऱ्या सांध्याला इकडे काटा म्हणतात. हे मॉडेल रेल्वेचे होते, प्रत्येक वीतभर लांबीचा.

तिचे वडील उत्तम यांनी खोक्याकडे पाहिलं नाही. ते टेबलावर वाकून स्वतःच्या हातानं बनवत असलेल्या काट्यावर बारीक कानस चालवत होते.

"बाबा, रविवारी प्रदर्शन आहे."

"ध्यानात हाय माह्या."

"तुमच्या काट्यावर गाडी किती वेळा पडली?"

"आजची विचारून राहिली का कालची?"

उत्तम यांनी सौंसर स्टेशनवर छोट्या, म्हणजे अरुंद रुळांच्या, लाईनचे सांधेवाले म्हणून एकतीस वर्षं काढली. पुढे छोटी लाईन बंद झाली, रूळ उखडले गेले, मोठी लाईन आली. पल्लवी पांढुर्ण्याच्या एका शाळेत भौतिकशास्त्र शिकवते. त्या शाळेच्या सभागृहात रविवारी अकरा वाजता जुन्या सौंसर स्टेशनचं मॉडेल मांडायचं होतं. गाडी चालवणार होते केशवराव घोरमाडे, छोट्या लाईनचे निवृत्त ड्रायव्हर, वय एक्क्याऐंशी. सोमवारी ते मुलाकडे बिलासपूरला कायमचे राहायला जाणार होते. म्हणजे संधी एकच होती. मालधक्क्याकडे जाणाऱ्या दोन नंबरच्या काट्यावरून केशवरावांनी गाडी न्यावी, एवढंच उत्तम यांना हवं होतं.

"मग तयार काटा लावू ना," पल्लवी म्हणाली. "गाडी पडणार नाही."

"लावून पाय."

तिनं लावून पाहिला. तयार काट्याचा कोन कारखान्यात ठरलेला. त्यावरून निघालेली लाईन मालधक्क्यापासून चार बोटं लांब गेली.

"आता संत्र्याच्या पेट्या डब्यात फेकून भराच्या का?" उत्तम म्हणाले.

शेवटी तह झाला. एक आणि तीन नंबरचे काटे तयार, दोन नंबरचा हाताचा. पण शनिवारी चार वाजेपर्यंत हाताच्या काट्यावरून डबा दहापैकी दहा वेळा गेला पाहिजे. नाही गेला तर तिथेही तयार, आणि मालधक्का चार बोटं सरकवायचा.

शनिवारी साडेतीनला चाचणी झाली. डबा दहापैकी सात वेळा पडला.

पल्लवीनं शाळेतून आणलेल्या मापकानं काट्यात चाकाच्या कडेसाठी ठेवलेली फट मोजली. "एक मिलिमीटरही नाही. चाकाची कड जायला सव्वा पाहिजे."

"खरी फट छेचाळीसनं भागली मी. मॉडेल छेचाळीस पट लहान, तं फटही तेवढीच लहान."

"पण चाकाची कड तेवढी लहान नाही ना, बाबा! डबा बनवणाऱ्यानं ती जाड ठेवली."

"थो त्याचा गुन्हा. माहा काटा मापात हाय."

"मापात आहे आणि गाडी पडून राहिली."

पल्लवीनं तिसरा तयार काटा खोक्यातून काढून टेबलावर ठेवला. चारला दहा मिनिटं कमी होती. तेवढ्यात पिशवीभर संत्री घेऊन केशवराव आत आले. उद्यासाठी हात बसवून घ्यायचा होता त्यांना. पल्लवीनं त्यांना सगळं सांगितलं.

"मापात?" केशवराव खुर्चीवर टेकले आणि हसायला लागले. "दोन नंबर? मापात?"

"हसाले काय झालं, डायवरसाहेब?"

"अबे उत्तम, तुह्या काट्यावर गाडी आली का पॅसेंजर बाकावरून उठत होते. मी गार्डाले पह्यलेच सांगून ठेवत होतो, धरून बैस, उत्तमचा काटा येऊन राहिला."

"साहेब मापून जात होते. मापाच्या हद्दीत होता तो."

"होता ना. मी कुठं नाही म्हणून राहिलो? पण हद्दीच्या पार शेवटल्या टोकाले. चाकं जाऊ जाऊ फट चांगली ऐसपैस झाली होती, म्हणून तं गाडी पडली नाही. हा जो तू बनवला, हा दोन नंबर नाही. हा शोकेसात ठेवाचा हाय."

पल्लवीनं घड्याळाकडे पाहिलं. उत्तम यांनी एक संत्रं सोललं, अर्धं केशवरावांना दिलं, अर्धं संपवलं, हात पुसले आणि कानस उचलली.

"किती म्हणे, पोरी? सव्वा?"

"सव्वा."

चार वाजून बारा मिनिटांनी डबा दहापैकी दहा वेळा गेला. बारा मिनिटांचा उशीर पल्लवीनं माफ केला. "लेट तं छोटी लाईनही राहत होती," केशवराव म्हणाले. तिसरा तयार काटा खोक्यात परत गेला.

रविवारी सभागृहात बसायला जागा उरली नाही. नदीपलीकडच्या सावरगावातूनही लोक आले होते. केशवरावांनी बटण फिरवलं. एक नंबरच्या तयार काट्यावरून इंजिन आणि तीन डबे आवाज न करता गेले. दोन नंबरच्या अलीकडे गाडी मंदावली. केशवरावांची बोटं आपसूक बटण उलटं फिरवत होती.

"जोरानं न्या," उत्तम यांनी बाजूला उभं राहून सांगितलं. "पास झाला तो."

"तुहा पास मले माहीत हाय."

गाडी मुंगीच्या चालीनं काट्यावर आली. फटीवर चाकं टकटक वाजली, डबे एकामागून एक डुलले आणि मालधक्क्याला लागून उभे राहिले. त्या डुलण्याबरोबर केशवराव खुर्चीवरून अर्धा इंच उठले आणि परत बसले.

"बसला का धक्का?" उत्तम यांनी विचारलं.

"बसला ना बापा," केशवराव म्हणाले, आणि पुन्हा तिथूनच यायचं म्हणून गाडी मागे घेतली.