पाच गुण वजा झालेलं पोस्टर

घरभेदी म्हणालात मला. फितूर म्हणालात. प्रयोगशाळेचं गुपित चव्हाट्यावर मांडलं म्हणालात. आणि औषधाला कुंपण घालून ते पडीक ठेवणारे तुम्ही मात्र साव! मग ऐकाच. मी तीन फूट रुंद, चार फूट उंच पोस्टर बोलतोय, आणि दबक्या आवाजात बोलणार नाहीये.

माझा जन्म छपाईच्या दुकानात झाला. शाई वाळायच्या आत मला गुंडाळून काखेत मारणारी मुलगी म्हणजे वादळ. हे नाव ती संशोधन करायची त्या प्रयोगशाळेनेच तिला दिलेलं, कारण ती दार हाताने उघडत नसे, खांद्याने उघडे.

माझ्यावर तिने वीस वर्षांच्या पेटंटांचा नकाशा काढला होता. आपल्या शरीरात एक जन्मजात पहारा असतो. जंतू दिसला की कुणी न शिकवता तो धावून जातो. पण कधीकधी पहारेकरीच बिघडतो, चोर नसताना शिट्ट्या फुंकत सुटतो, आणि माणूस तापाने फणफणतो, सांधे सुजतात. वादळच्या दादाला हेच होतं. तो बस चालवायचा. दर तीन आठवड्यांनी अंथरूण धरायचा आणि वर बहिणीलाच म्हणायचा, "माझा ताप तुझ्यापेक्षा वक्तशीर आहे."

माझ्या नकाशात सुरुवातीची बहुतेक पेटंटं पहारेकऱ्याला चेव आणणाऱ्या औषधांची होती. लसीला जोर यावा, कर्करोगाशी लढता यावं म्हणून. मग वारं फिरलं आणि सगळे त्याला शांत करायच्या मागे लागले. तेही कसे? एकाने पहाऱ्यातल्या एका प्रथिनावर बोट ठेवलं की बाकीचे मेंढरांसारखे तिथेच. एक पेटंट म्हणजे एक लाल ठिपका, आणि ठिपक्यांची इतकी दाटी, की मला मुंग्या लागल्यासारखं वाटायचं! आणि दादाच्या आजारात जे प्रथिन बिघडतं, त्याच्यापाशी पांढरीफटक जागा. रोगी थोडे, मग तिकडे फिरकतो कोण?

वादळ फिरकली होती. त्या जागेसाठी तिने एक रेणू घडवला होता आणि उंदरांची सूज उतरवली होती. पण तिच्या सरांनी बजावलं होतं, "पेटंटचा अर्ज दाखल होईपर्यंत चकार शब्द काढायचा नाही."

परिषदेत मी भिंतीवर लागलो. एक म्हातारी डॉक्टरीणबाई चष्मा सावरत माझ्याजवळ आली. "काय गं, या रिकाम्या जागेतल्या रोग्यांनी कुणाच्या तोंडाकडे बघायचं?"

वादळने ओठ चावले. मला वाटलं, गिळेल शब्द. पण दुसऱ्याच क्षणी तिने खिशातून काळा मार्कर काढला. "आहे ना, काकू! हे बघा!" आणि माझ्या पांढऱ्या जागेत तिने अख्खा रेणू काढला. बनवायच्या दोन पायऱ्या, उंदराला दिलेलं प्रमाण, उतरलेली सूज, सगळं. मला गुदगुल्या होत होत्या आणि अभिमानही वाटत होता. मागोमाग पोस्टर स्पर्धेचे परीक्षक आले. त्यांनी नाक मुरडलं आणि माझ्या कोपऱ्यात लिहिलं: 'रेणूची आकृती व कृती मार्करने हाताने काढली आहे. पाच गुण वजा.' खाली सही, तारीख.

सरांना कळलं तेव्हा ते लालबुंद झाले. "तुझ्या तोंडात तीळ भिजत नाही! नवं असेल त्यालाच पेटंट मिळतं. भिंतीवर लावलंस, संपलं नवेपण! आपला अर्ज आता कचऱ्यात."

"चुकलं, सर. पण त्या बाईंना काय सांगायचं होतं? थांबा म्हणून?"

"हो! थांबा म्हणूनच!"

अर्ज बारगळला, पण काम थांबलं नाही. मला मात्र रसायनांच्या कपाटात फळीवर अंथरलं. दोन वर्षं माझ्या अंगावर बाटल्यांची बुडं होती. तुम्ही माणसं मजेशीर आहात. रागवायचं स्वतःवर आणि तोंड बंद करायचं कागदाचं!

मग बातमी आली. एका कंपनीने तोच रेणू, त्याच दोन पायऱ्या स्वतःच्या म्हणून पेटंटला टाकल्या होत्या. सूज उतरवणारं तिचं दुसरं औषध बाजारात जोरात चालत होतं. हे बनवायचा तिचा बेतच नव्हता, दुसऱ्या कुणी बनवू नये एवढीच इच्छा. इकडे रुग्णालयात वादळच्या रेणूची चाचणी सुरू होणार होती आणि यादीत दादाचं नाव होतं. पेटंट मंजूर झालं असतं, तर चाचणी कंपनीच्या मर्जीवर गेली असती.

हरकत घ्यायची तर पुरावा हवा. वादळने कपाटातल्या बाटल्या भराभर उतरवल्या आणि डागाळलेला मी बाहेर आलो.

पेटंट कार्यालयातल्या सुनावणीत कंपनीच्या वकिलाने मला दोन बोटांत धरलं, मेलेला उंदीर धरावा तसं. "हा काय पुरावा? मार्करने काय, कालही लिहिता येतं."

मला ओरडावंसं वाटलं. वादळ ओरडलीच. "कोपरा वाचा ना!"

अधिकारी बाईंनी कोपरा वाचला. त्या परीक्षकांनाही बोलावून घेतलं. ते म्हणाले, "सही माझीच. शिस्तीपुढे मी कुणाची गय करत नाही." कंपनीच्या अर्जाच्या कितीतरी आधीची तारीख! बाईंना हसू आवरेना. "म्हणजे ज्याबद्दल गुण कापलेत, ते त्या दिवशी इथे होतंच." रेणू नवा नाही, असा निकाल झाला. कंपनीचा अर्ज फेटाळला गेला.

बाहेर आल्यावर सर म्हणाले, "पेटंट कुणाचंच नाही. मग औषध बनवायला पुढे कोण येणार, ही काळजी आहेच हं."

"येईल तो येईल, सर. दाराला कुलूप तर नाही!" मग तिने फोन लावला. "दादा, चाचणी होतेय. सोमवारी ये, आणि तापाला सांग, वेळ पाळू नकोस."

आता मी कार्यालयाच्या टेबलावर पडून आहे. अंगभर डाग आहेत, कडा फाटल्या आहेत. मला काचेत घालून मिरवू नका. मला वाचा. ज्याला जमेल त्याने माझ्यावरून औषध बनवा. आणि माझ्यासारखं कुणी बोलून गेलं, तर त्याला फितूर म्हणण्याआधी विचारा, फितुरी नक्की कुणाशी?

एवढ्यात कंपनीचा वकील परत आला. इकडेतिकडे बघत त्याने फोन माझ्यावर धरला आणि शिपायाला हळूच विचारलं, "एक फोटो काढला तर चालेल ना?"

मला गुंडाळायला आलेला शिपाई दोन पावलं मागे सरला. "काढा की, साहेब. चोरून कशाला? आता तुमचंही आहेच की ते."