माझे पंधरा यार्ड

"अ‍ॅग्नेस, मैदानाच्या कडेच्या पांढऱ्या पट्ट्यात पाय टाकायचा नाही. तिथून पंच धावतो."

नॉर्बर्टनं, माझ्या नवऱ्यानं, मला या कामातलं एवढंच शिकवलं होतं. कॉलेजच्या अमेरिकन फुटबॉल संघाचे कपडे धुणं, मैदानाच्या कडेला टॉवेल-पाणी पुरवणं हे तीस वर्षं त्याचं काम. तो गेल्यावर ते माझ्याकडे आलं. पहाटे जपमाळ पुरी झाल्याशिवाय कॉफी नाही, शुक्रवारी मांस नाही, आवाज कधी चढवायचा नाही, हे माझे नेम. त्यांचा मला जरा गर्वही होता; तो पाद्रीबाबांपुढे कबूल करायचा मात्र दरवेळी राहून जायचा.

नोव्हेंबरातला शेवटचा सामना लुथरन कॉलेजशी होता. आमच्या संघातल्या एमेट व्हर्बाचं हे कॉलेजातलं शेवटचं वर्ष, आणि चार वर्षांत त्यानं लुथरनवाल्यांना एकदाही हरवलं नव्हतं. आम्ही चार गुणांनी मागे, घड्याळात पावणेदोन मिनिटं, आणि चेंडू त्यांच्याकडे. चार प्रयत्नांत दहा यार्ड सरकले की चेंडू त्यांच्याकडेच राहणार आणि ते आरामात वेळ संपवणार. पण हा तिसरा प्रयत्न अडवला, तर चौथ्याला चेंडू लाथाडून आमच्याकडे पाठवण्यावाचून त्यांना गत्यंतर नव्हतं.

"देवा, जिंकायचं आमचं आम्ही बघू," मी पुटपुटले. "तू फक्त चेंडू दे. टेकडीवरच्या मारियामातेच्या चॅपलपर्यंत अकरा मैल चालत येईन." हे बोलताना मी गुडघ्यांना विचारलं नव्हतं.

एमेटनं चेंडू घेऊन धावणाऱ्या त्यांच्या गड्याला अगदी माझ्यासमोर असा लोळवला म्हणता! मी किंचाळले. त्रेसष्ट वर्षांची साठवण होती ती. हातातले टॉवेल हवेत उडाले, मी पट्ट्यात शिरले आणि धावत येणाऱ्या पंचासकट गवतावर आडवी झाले.

"बाई," खालून आवाज आला, "माझ्या शिट्टीवर बसलाय तुम्ही."

भला माणूस. उठून त्यानं मला हात दिला, लागलं का विचारलं, आणि मग दंडाचा पिवळा रुमाल फेकला.

कडेच्या माणसानं पंचाला धडक दिली तर दंड संघाला बसतो. पंधरा यार्ड. आणि दोष अडवणाऱ्या बाजूचा असेल, तर समोरच्यांना वर चार नवे प्रयत्न. चेंडू लाथाडायला निघालेला त्यांचा गडी अर्ध्या वाटेतून हसत परत गेला. मग लुथरनवाल्यांनी पुढे न धावता, चेंडू घेऊन तीनदा नुसता गुडघा टेकला आणि चालत्या घड्याळावर वेळ संपवली. गुडघे टेकणाऱ्यांचा एवढा राग मला जन्मात आला नव्हता.

"अ‍ॅग्नेस," कोच म्हणाले, "तीन वर्षांत तू मला गुड मॉर्निंगसुद्धा ऐकू येईल असं म्हटलं नाहीस. आजच सगळं बाहेर काढायचं होतं?"

धुण्याच्या खोलीत मी स्वतःची समजूत घातली. चेंडू मिळाला नाही, तेव्हा नवस फेडायचा प्रश्नच नाही. गुडघ्यांनीही लगेच होकार दिला. तेवढ्यात एमेट आपली शेवटची जर्सी टाकायला आला.

"एमेट, माझ्यामुळे रे..."

"अहो आंटी, लाज तर आम्हाला वाटतेय. तासभर झटून आम्हाला त्यांचा एक गडी धड पाडता येईना, आणि तुम्ही एका फटक्यात पंच पाडलात!" तो हसला. मग जर्सीची घडी घालत बसला, जी आजवर त्यानं कधी घातली नव्हती. "पण आलाच होता हो चेंडू. त्यांचा लाथ मारणारा मैदानात शिरला होता. मी पाहिला त्याला."

तो गेल्यावर मी मशीन सुरू केलं. देवानं आपला शब्द पाळला होता. चेंडू परत देऊन टाकणारी मी होते.

रविवारी सकाळची प्रार्थना आटोपली. कोटाच्या एका खिशात जपमाळ आणि दुसऱ्यात दोन कोलाचे, म्हणजे जर्दाळू भरलेले गोड पाव, टाकून मी चॅपलकडे निघाले. कुणाला सांगितलं नाही. गावाबाहेर रस्त्याच्या कडेनं लांबवर पांढरा पट्टा गेला होता. मी त्याच्या बाहेरून, गवतातून चालू लागले.