चकमकीचा उशीर

गेल्या ऑक्टोबरच्या दुसऱ्या शनिवारी आमच्या शिकारीच्या कँपच्या उत्तरेकडच्या भिंतीवर शर्टांचे सदतीस तुकडे होते. बावीस चौकड्यांच्या फ्लॅनेलचे, नऊ एकरंगी, चार खाकी, एक पांढरा इस्त्रीचा आणि एक निळा, माझा. प्रत्येकावर मार्करनं नाव आणि साल. हरणावर झाडलेला बार फुकट गेला की संध्याकाळी त्या माणसाच्या शर्टाचं मागचं टोक कापायचं आणि खिळ्यानं भिंतीवर ठोकायचं, ही आमची रीत. कात्री कँपातल्या सगळ्यांत लहान सभासदाकडे असते. चार वर्षांपासून ती माझ्याकडे होती, त्यामुळे माझं टोक मीच कापलं होतं.

त्या सदतीस तुकड्यांत व्हर्लिन स्टँबॉ हे नाव कुठेच नव्हतं. व्हर्लिन माझा मामा. एकेचाळीस हंगाम झाले तरी त्याचा शर्ट अखंड होता.

त्या शनिवारी कँपात मतदान होतं. जानेवारीत ठासणीच्या बंदुकांचा हंगाम चार दिवस असतो. राज्याच्या नियमात ठासणीची कुठलीही बंदूक चालते, पण आमच्या कँपचा नियम त्याहून कडक आहे: फक्त चकमकीची. घोडा पडतो, गारगोटी पोलादावर घासते, ठिणगी रंजकीच्या चिमूटभर दारूत पडते, रंजक पेटते, आग नळीच्या बारीक भोकातून, कानातून, आत जाते आणि मग बार उडतो. आता नव्या बंदुका निघाल्या आहेत, त्यांत घोडाच नाही. दस्त्यात बॅटरी, आणि चाप म्हणजे बटण. बटण दाबलं की नळीच्या आत ठिणगी पडते. जॅरड ल्योन्सनं अर्ज दिला होता की ही बंदूक कँपात चालू द्यावी.

आता मला माहीत आहे की त्या मतावर मामाचा पुढचा हंगाम अवलंबून होता. त्या दिवशी खोलीत हे दोघांनाच माहीत होतं, मामाला आणि जॅरडला.

मला वाटत होतं की प्रश्न बंदुकीचा आहे. मी पदार्थविज्ञान शिकले आहे, कोलंबस शहरातल्या एका प्रयोगशाळेत धातूचे नमुने तोडून मोजते. सप्टेंबरमध्ये जॅरडकडून ती बॅटरीची बंदूक मागून घेतली, माझी चकमकीची आणली, दोन्ही बाकावरच्या शिकंज्यात आवळल्या, आणि फोनच्या जलद कॅमेऱ्यानं प्रत्येकी दहा बार टिपले. चाप ओढल्यापासून नळीतून धूर निघेपर्यंत चकमकीला सरासरी चौऱ्याहत्तर हजारांश सेकंद लागले, एकदा तर एकशे एकोणतीस. बॅटरीला कधीच आठांहून जास्त लागले नाहीत. कॅमेऱ्याला याहून बारीक दिसत नव्हतं.

मग मी सभासदांची मतं टिपायला लागले. आम्ही नऊ जण.

रॉस्को टॅकेट आमचा अध्यक्ष. मी वही काढली तेव्हा तो चुलीचा धुराडा घासत होता.

"काय विचारायचं ते विचार, प्रोफेसर. पण काजळी अंगावर उडेल."

"बॅटरीला तुझा विरोध का, रॉस्को?"

"अगं, ती बंदूक आहे की गॅसची शेगडी? टिक् केलं की पेटली! उद्या हा जॅरड म्हणेल, हरणाला मेसेज पाठवतो, तूच ये बाबा टोपलीत."

"आणि पावसाचं काय? गेल्या वर्षी तुझी रंजक भिजून चिखल झाली होती."

"झाली ना! म्हणून हरीण जगलं. त्यालाही पाऊस हवाच की. पाऊस दोघांवर पडतो, बॅटरीवाल्यावर पडत नाही. हे लिही."

मी लिहिलं. वाक्य मला आवडलं होतं.

नोरीन शाळेची बस चालवते आणि कँपात तिच्याइतका अचूक नेम फक्त मामाचा. ती म्हणाली, "माझं मत कशाला? हरणाला विचार. त्याला झटकन मेलेलं आवडेल की तुमची परंपरा पाहत तंगडं ओढत फिरलेलं?" मी हेही लिहिलं. पुढे कंसात नोंद केली: भावनिक मुद्दा, मोजता येत नाही.

मामाला मी शेवटी विचारलं. तो ओसरीच्या पायरीवर बसला होता, हात जाकिटाच्या खिशात. आयुष्यभर त्यानं लाकडाच्या गिरणीत करवतींना धार लावली. एकेका दाताला कानस किती फिरवायची, ते बोटांनी ओळखायचा. मला बंदूक त्यानंच शिकवली. "चाप ओढलास की मनात तीनदा हरीण म्हण, मग डोळा उचल. रंजक डोळ्यांसमोर भडकते, माणूस दचकतो, आणि गोळी अजून नळीतच असते. जो दचकत नाही त्याचंच हरीण."

"तुझं मत काय, मामा?"

"कशाबद्दल?"

"बॅटरी."

तो समोरच्या टेकडीकडे पाहत राहिला. "पोरी, मी ती बंदूक बघितलीय. वाईट नाहीये."

"म्हणजे तू हो म्हणणार?"

"असं कुठे म्हटलं मी? तू तुझं मत दे. माझं विचारून देऊ नकोस."

वहीत मी लिहिलं: व्ह. स्टँबॉ, अनिर्णित.

सभा तीन वाजता सुरू झाली. टेबलावर बीन्सचं पातेलं, मक्याची भाकरी आणि मतांसाठी कॉफीचा रिकामा डबा. आमच्याकडे मत असं देतात: हो असेल तर डब्यात शिशाची गोळी टाकायची, नाही असेल तर गोळीभोवती गुंडाळायची चिंधी. गोळीचा आवाज होतो, म्हणून सगळे मूठ डब्याच्या तळापर्यंत नेऊन सोडतात.

जॅरड वेल्डर आहे, बोलण्यात कच्चा. उभा राहून म्हणाला, "दारू तोंडातून, गोळी तोंडातून, ठासायला गज लागतोच. एकच बार. फक्त रंजक नाही. मग अडचण कशाची?"

"अडचण तुझी आहे," रॉस्को म्हणाला. "तुझ्या शर्टाचे तीन तुकडे भिंतीवर आहेत. चौथा वाचवायचाय, दुसरं काय!"

सगळे हसले. जॅरडनं मामाकडे पाहिलं. मामानं मान किंचित हलवली. मला वाटलं, खाली बस म्हणतोय.

"बरं, प्रोफेसर सांगेल," रॉस्को म्हणाला. "मोजलंयस ना तू? बोल."

मी उभी राहिले. मी काय बोलले ते मला शब्दश: आठवतं, कारण आधी लिहून काढलं होतं. "चकमकीला चौऱ्याहत्तर, बॅटरीला आठ. फरक सहासष्ट हजारांशांचा. एवढाच वेळ शिकाऱ्याला चाप ओढल्यावरही स्थिर राहावं लागतं. आपल्या शिकारीत जे काही कठीण आहे, ते या सहासष्टात आहे. ते काढून टाकलं तर उरते फक्त हळू भरायची बंदूक."

रॉस्कोनं टेबलावर थाप मारली. "ऐकलंत? हे कोरून दारावर लावा!"

"बरोबर बोलली पोरगी," मामा म्हणाला.

मग डब्याची वेळ आली. दरवर्षी तो फिरवायचं काम मामाचं असे. त्या दिवशी त्यानं तो टेबलावर ठेवला आणि सगळ्यांना उठून यायला लावलं. त्याची पाळी आली तेव्हा त्याची मूठ डब्यात गेली आणि कडेवर टकटक, टकटक असा आवाज झाला. चार-पाच वेळा.

"दार कुणी उघडत नाहीये, व्हर्लिन, आत ये की," रॉस्को म्हणाला. पुन्हा हशा. मीही हसले.

मी चिंधी टाकली.

डबा उलटा केला. पाच चिंध्या, चार गोळ्या.

जानेवारीत हंगामाच्या दुसऱ्या दिवशी सकाळी जमिनीवर चार इंच बर्फ होता, वारा नव्हता. मामा नाल्याच्या वरच्या अंगाला बीच जातीच्या झाडाखाली बसला होता, मी त्याच्या डावीकडे दोनशे यार्डांवर. त्या सकाळी पहिल्यांदाच त्यानं कँपात सगळ्यांबरोबर बंदूक न भरता लाकडांच्या खोपटामागे जाऊन भरली होती. दुसऱ्यानं भरलेली बंदूक घेऊन रानात जायचं नाही, हाही आमचा नियम. ज्याला स्वत:ची भरता येत नाही तो चुलीपाशी बसतो. कँपात एखाद्याबद्दल चुलीपाशी गेला म्हटलं की त्याचा हंगाम संपला असं समजायचं.

आठ वाजून वीस मिनिटांनी मी आधी रंजकीचं फस्स ऐकलं, मग बार. दोन्ही आवाज वेगवेगळे ऐकू आले. मी उठून गेले.

मामा उभा होता. बुटांवर आणि मांडीवर काळी दारू सांडलेली. पंचेचाळीस पावलांवर, जिथे हरिणी उभी होती, तिथे बर्फावर पांढऱ्या केसांचा झुबका आणि हाडाची एक बारीक कपची होती.

"पाय," तो म्हणाला. "पुढचा, खाली."

"दचकलास?"

"मी? नाही. चाप ओढला तेव्हा नळीच्या टोकाची माशी तिच्या खांद्यावर होती, नेम बरोबर होता. गोळी निघाली तेव्हा नव्हती."

आम्ही माग काढला. जॅरड आला, नोरीन आली. पहिल्या शंभर पावलांत रक्ताचे एकोणीस थेंब, पुढच्या शंभरात सहा. तीन खुरांचे ठसे खोल, चौथ्या पायाची नुसती रेघ. तेराशे चाळीस पावलांवर ती नाल्यात उतरली. दोन्ही काठांनी आम्ही दुपारपर्यंत वर-खाली फिरलो. ती बाहेर कुठे पडली ते सापडलं नाही.

कँपात परतल्यावर मामा जाकीट काढून भिंतीकडे तोंड करून उभा राहिला. "डेला, कात्री घे."

"अरे, चुकलेल्याचं कापतात," रॉस्को म्हणाला. "तुझी लागलीय, व्हर्लिन."

"म्हणूनच काप म्हणतोय."

"नियम तसा नाहीये, बाबा—"

"नियम मला सांगू नकोस, रॉस्को. तू कँपात आलास तेव्हा हे खिळे मी ठोकले होते."

मी कात्री घेतली. त्याचा शर्ट हिरव्या चौकड्यांचा होता. कापड ताणून धरायला त्यानं हात मागे आणला, आणि तो हात माझ्या बोटांना लागून हलत राहिला. थंडीचा थरकाप नव्हता तो. थंडीत आख्खा माणूस हलतो. इथे फक्त मनगटापासून पुढचा हात हलत होता, सेकंदाला पाच-सहा वेळा, एका लयीत. मला डब्याच्या कडेवरची टकटक आठवली.

"कधीपासून?" मी विचारलं.

"आधी काप."

मी कापलं. सरळ आलं नाही.

जॅरड चुलीपाशी उभा होता. त्यानं हातातला कप जोरात खाली ठेवला. "ती बंदूक माझी नव्हतीच. कळलं का तुम्हाला? ऑगस्टमध्ये ह्या व्हर्लिननं घेतली. अर्ज मला द्यायला लावला. म्हणे, माझं नाव आलं तर दया म्हणून मत देतील. आणि तुम्ही माझे शर्ट मोजत बसलात!"

"जॅरड, पुरे," मामा म्हणाला.

"काय पुरे? सांगितलं असतंस तर नऊच्या नऊ गोळ्या पडल्या असत्या डब्यात!"

"हो. म्हणूनच नाही सांगितलं."

रॉस्को डोक्यावरची टोपी काढून हातात फिरवत राहिला. मग म्हणाला, "पुन्हा मत घेऊ. आत्ता. डबा आणा."

"कशाला?" मामा म्हणाला. "हंगाम दोन दिवस राहिलाय आणि ती हरिणी नाल्यात कुठेतरी पडलीय. बटाटे सोललेत का कुणी?" आणि तो चुलीपाशी जाऊन बसला.

मी माझ्या मापांचा विचार करत राहिले. आकडे चुकीचे नव्हते. दोन्ही बंदुका शिकंज्यात होत्या, वीस बार, एकही हात न लागता. नोरीनच्या मुद्द्यापुढे मी मोजता येत नाही असं लिहिलं होतं.

पुढच्या रविवारी सकाळी मी मामाच्या घरी गेले. त्याच्या घरामागच्या कुरणात पन्नास यार्ड मोजले, लाकडी चौकटीवर दोन कागद लावले. मामा फाटकाशी उभा राहून पाहत होता.

"हे कशासाठी?"

"मोजायचंय."

"आता मोजून काय होणार?"

"माहीत नाही. पण मी अर्धंच मोजलं होतं."

तो कोठारात जाऊन दोन्ही बंदुका घेऊन आला. "रंजक तू भरून देणार असशील तर नको."

"नाही. तूच भर."

पाच बार चकमकीचे, पाच बॅटरीचे, गवताच्या गठ्ठ्यावर टेकून, बसून. चकमकीचे पाच बार व्हायला बावन्न मिनिटं लागली, त्यांत दोनदा नुसती रंजक पेटली. बॅटरीच्या पाचांना चोवीस. शेवटच्या बारानंतर तो गठ्ठ्यावर बसूनच राहिला. "जा, बघून ये. माझे गुडघे दुखतायत."

मी कागद काढून आणले आणि त्याच्या शेजारी बसून पट्टीनं मोजले, सगळ्यांत दूरच्या दोन छिद्रांच्या मध्यापासून मध्यापर्यंत; अंतर जितकं कमी तितका नेम पक्का. त्यानं माझ्या हातातली पेन्सिल घेतली, मग परत दिली. "तू लिही. माझं अक्षर आता वाचता येत नाही."

चकमक: पाच गोळ्या, पन्नास यार्ड, तेरा पूर्णांक तीन अष्टमांश इंच.

बॅटरी: पाच गोळ्या, पन्नास यार्ड, सव्वातीन इंच.