रिंगेतली फट

इंजिन फुटलं त्या दिवशी दादाने एक काम मात्र चपळाईने केलं. खापर फोडायला डोकं शोधलं. ते डोकं त्याच्या धाकट्या बहिणीचं होतं.

तिला दादाच्या गॅरेजमध्ये सगळे आत्या म्हणायचे. दादाच्या मुली म्हणायच्या म्हणून मिस्त्री म्हणू लागले, आणि मिस्त्री म्हणायचे म्हणून गिऱ्हाइकं. वय अठ्ठेचाळीस. त्यातली वीस वर्षं इंजिनं उघडण्यात आणि बांधण्यात गेलेली. टर्बो बसवून घ्यायला आलेल्या प्रत्येकाला ती आधी खुर्चीत बसवायची आणि ऐकवायची, "टर्बो म्हणजे इंजिनाच्या तोंडात हवा कोंबणारा पंखा. जास्त हवा, जास्त पेट्रोल, मोठा भडका. तो भडका सोसायला आत हाडंपेरं नकोत? आधी इंजिन भक्कम करू, मग टर्बोचं बोला."

फुटलेली लाल गाडी दातांच्या एका डॉक्टरची होती. टर्बो बसवून नेली आणि तिसऱ्या दिवशी दोरीला बांधून परत आली. डॉक्टर लालबुंद झालेला. दादाने चारचौघांत हात जोडले आणि म्हणाला, "इंजिन बहिणीने बांधलं होतं, साहेब. यापुढे ती इंजिनाला हात लावणार नाही. माझा शब्द."

आत्या तिथेच, पाच पावलांवर उभी होती. तिला कुणी काही विचारलं नाही.

दुसऱ्या दिवसापासून तिला बाहेरच्या टेबलावर फोन घ्यायला बसवलं. चार दिवस तिने फोन घेतले. पाचव्या दिवशी सगळे जेवायला गेल्यावर ती भंगाराच्या कोपऱ्यात गेली आणि त्या इंजिनाचे अवशेष बाहेर काढले.

एका पिस्टनची, म्हणजे सिलिंडरात वरखाली धावणाऱ्या दट्ट्याची, कड तुटली होती. पिस्टनभोवती लोखंडाच्या कड्यासारख्या रिंगा असतात. प्रत्येक रिंग एका जागी कापलेली असते, कारण तापली की ती लांबते आणि लांबायला तिला फट लागते. आत्याने तुटलेल्या पिस्टनची रिंग उजेडात धरली. कापलेली दोन्ही टोकं आरशासारखी चकाकत होती. म्हणजे गरम झाल्यावर टोकाला टोक भिडलं, घासलं, रिंग सिलिंडरात आवळून बसली आणि जाताना पिस्टनची कड घेऊन गेली.

पण भिडलीच कशी? टर्बोच्या उष्णतेचा हिशेब करून तिने स्वतः कानशीने घासून जवळजवळ अर्धा मिलिमीटर फट ठेवली होती. तिने धड राहिलेल्या सिलिंडरांत एकेक रिंग सरकवून फट मोजायच्या पातळ पात्याने फट मोजली. पाव मिलिमीटर. तिन्हीकडे पाव.

या तिच्या रिंगा नव्हत्याच.

हेडमिस्त्री जेवून आला तेव्हा ती त्याच्या वाटेत उभी होती. "मिस्त्री, रिंगा कुणी बदलल्या?"

मिस्त्री कोरडे हात बराच वेळ पुसत राहिला. शेवटी म्हणाला, "मालक म्हणाले, फट फार मोठी दिसतेय, कंपनीच्या पुस्तकात पाव आहे, नव्या टाक. मी म्हटलं आत्यांना विचारू. ते म्हणाले, मालक कोण आहे?"

ती रिंग घेऊन तडक दादाच्या केबिनमध्ये गेली. दादाने रिंग पाहिली, तिच्याकडे पाहिलं आणि उठून दार लावून घेतलं. तेवढ्यावरून तिला कळलं की त्याला आधीच कळलं होतं.

"झालं ते झालं," तो म्हणाला. "आता गावभर सांगत फिरू, की मालकालाच कळत नाही? गॅरेज बंद पडेल. तू घरचीच आहेस. घरच्या माणसाने थोडं सोसलं तर बिघडतं कुठे?"

"मग तू सोस," आत्या म्हणाली. "तूही घरचाच आहेस."

ती बाहेर आली तेव्हा टेबलावरचा फोन वाजत होता. तो तसाच वाजता ठेवून ती फाटकाबाहेर पडली.

फाटकाशी एक म्हातारा उभा होता. तीस वर्षं बस चालवून निवृत्त झालेला, चष्मा जाडजूड, पाठ मात्र ताठ. त्याला लोक ड्रायव्हरकाका म्हणत. बावीस वर्षांच्या आपल्या गाडीला टर्बो बसवून त्याला घाटातल्या शर्यतीत उतरायचं होतं, आणि तासाभरापूर्वीच दादाने त्याला हसून वाटेला लावलं होतं.

"तुम्ही बांधाल?" त्याने विचारलं.

"लोक म्हणतात माझी इंजिनं फुटतात."

"लोक म्हणतात माझे डोळे गेले," काका म्हणाला. "तीस वर्षं माणसं भरून ताशी चाळीसने गेलो. एकदा तरी घाट मनासारखा चढायचाय. मुलं म्हणतात, आता गप घरी बसा. मी म्हटलं, बसूनच तर चालवायचीय."

आत्या कितीतरी दिवसांनी हसली.

काम काकाच्या घरामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये सुरू झालं. तिने इंजिन पार मोकळं केलं. जुने पिस्टन काढून ठोकून घडवलेले, माथ्याला खोलगट पिस्टन आणले, म्हणजे आत दाब जरा कमी राहतो आणि टर्बोच्या हवेला जागा होते. पिस्टनला खालच्या दांड्याशी जोडणारे कनेक्टिंग रॉड जाड घेतले. इंजिनाचं वरचं झाकण, म्हणजे हेड, आवळणारे बोल्ट बदलले. मग चारही पिस्टन आणि रॉड एका वजनाचे करायला तिला काटा हवा होता, तो काकूच्या स्वयंपाकघरात सापडला.

"माझ्या काट्यावर मी साखर तोलते," काकूने बजावलं, "लोखंड नाही." पण दोन दिवसांत तीच पदर खोचून काट्याशी बसली. "हा तिसरा एक ग्रॅम जास्त आहे हं. घास अजून. अंगचोरपणा नको."

सहाव्या आठवड्यात दादा आला. घर विचारत विचारत आला असावा, बुटांना चिखल होता. त्याने न विचारता पातं उचललं आणि सिलिंडरातल्या रिंगेची फट मोजली.

"परत अर्धा?" तो म्हणाला. "अगं, तुझी खोड काही जात नाही. आणि उद्या हे फुटलं तर लोक माझंच नाव घेतील."

"तेव्हा तू माझं घेतलंस ना? आता लोक तुझं घेतील तर घेऊ देत."

"पुस्तक काय मूर्खांनी लिहिलंय?"

"पुस्तक बिनटर्बोच्या इंजिनाचं आहे, दादा. लिहिणाऱ्याची चूक नाही. वाचणाऱ्याची आहे."

दादाने पातं आपटलं. "मी म्हणतो रिंगा बदल. मोठा भाऊ म्हणून सांगतोय."

"मोठा भाऊ म्हणून चहा पिऊन जा," आत्या म्हणाली. "इंजिनातलं मी बघते."

तो चहा न घेताच गेला. काकूने त्याचा कप आत्यापुढे सरकवला. "घे. तुला दोन लागतील आज."

शर्यत रविवारी सकाळी होती. घाटाच्या पायथ्याशी अठरा गाड्या लागल्या होत्या, आणि काकाची सोडली तर सगळ्या कालपरवाच्या. काकाने चावी फिरवली. इंजिन सुरू झालं ते डब्यात खडे हलवावेत तसं खडखडत. आजूबाजूला हशा पिकला. कुणीतरी ओरडलं, "काका, ढकलायला येऊ का?"

आत्याला ठाऊक होतं. घडवलेले पिस्टन थंड असताना सैल असतात, तापले की फुगून बसतात. पण ते हसणाऱ्याला काय सांगणार? ती बॉनेटवर हात ठेवून उभी राहिली. गर्दीत तिला दादा दिसला, गॅरेजचं नाव छापलेली टोपी घालून. त्याच्या बाजूला हेडमिस्त्री. थोडं पलीकडे दातांचा डॉक्टर. हात तिने हलवला नाही. सहा मिनिटांनी खडखड विरली. दहाव्या मिनिटाला इंजिन इतकं गुळगुळीत चालू लागलं की हसणारे आपोआप दुसरीकडे बघू लागले.

पहिल्या फेरीत काका सातवा आला. उतरून आल्यावर घाम पुसत म्हणाला, "पुरे?"

"नाही," आत्या म्हणाली. "खरी परीक्षा दुसरी फेरी. ऊन चढलंय, इंजिन तापलंय. आता फुटायचं असेल तर फुटेल. जा."

दुसऱ्या फेरीत दोन नव्या गाड्या वाफ सोडत वळणावर उभ्या राहिल्या. काकाची गाडी त्यांच्या बाजूने शीळ घालत वर गेली. आत्या घड्याळ बघत नव्हती. ती ऐकत होती. वरच्या शेवटच्या वळणाला आवाज क्षणभर डोंगराआड गेला, तेव्हा तिने श्वास रोखला. मग तो परत आला, तसाच भरलेला, एकसारखा. काका चौथा आला होता.

गाडी खाली आली तशी लोक भोवती जमले. डॉक्टर पुढे झाला आणि दादाला म्हणाला, "कमाल आहे. हे कुणी बांधलं?"

दादा म्हणाला, "आमच्याकडचंच काम, साहेब."

"तुमच्याकडचं नाही," आत्या मोठ्याने म्हणाली. "मी बांधलं. काकाच्या शेडमध्ये. आणि डॉक्टर, तुमचंही मीच बांधलं होतं. नंतर त्यातल्या रिंगा बदलल्या गेल्या, मला न विचारता. त्यांनीच घात केला."

दादाने घसा खाकरला. "अगं, ही जागा आहे का हे बोलायची?"

"माझ्यावर खापर फोडलंस तेव्हाही चार माणसं होतीच की."

डॉक्टरने दादाकडे पाहिलं. दादाने मिस्त्रीकडे. आणि मिस्त्री, ज्याने तीस वर्षांत मालकासमोर मान वर केली नव्हती, तो टोपी काढून म्हणाला, "खरंय, साहेब. रिंगा मी बदलल्या. मालकांनी सांगितल्यावरून."

दादा आपल्या गाडीकडे चालता झाला. आत्याला वाटलं होतं, या क्षणी आपल्याला आनंद होईल. झाला, पण त्यात भावाची वाकलेली पाठही दिसत राहिली. तरी तिने त्याला हाक मारली नाही.

आठवड्याने दादा शेडच्या दारात येऊन उभा राहिला. आत डॉक्टरचं लाल इंजिन टांगलेलं होतं. आत्या त्याचा क्रँक, खालचा फिरता दांडा, पुसत होती, ती पुसतच राहिली.

"परत कधी येतेस?" दादाने विचारलं.

"येणार नाही."

त्याने टांगलेल्या इंजिनाकडे पाहिलं. मग म्हणाला, "चुकलं माझं."

"हे गॅरेजमध्ये सगळ्यांसमोर म्हण."

"म्हटलंय. काल. मिस्त्र्यांना विचार."

आत्याने तेव्हा मान वर केली. त्याने दाढी केली नव्हती. "बरं केलंस," ती म्हणाली. "तरी येणार नाही. बाबांचा लोखंड कातायचा लेथ माझ्या वाटणीचा आहे. तो तेवढा पाठवून दे."

"अगं, आठ माणसं लागतात तो हलवायला. शेडची जमीन कच्ची आहे."

"काका कालच सिमेंट घेऊन आलाय."

दहा दिवसांनी सकाळी टेम्पो आला. सात माणसं उतरली. आठवा दादा होता. त्याने बाह्या वर सारल्या, लेथचा एक कोपरा धरला आणि बहिणीला विचारलं, "कुठे ठेवायचा?"

"खिडकीशी," आत्या म्हणाली. "आणि सांभाळून. कडेचं सिमेंट ओलं आहे अजून."